बी.ए.चा फॉर्म कपाटात

नागपूरच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलाला बारावी सायन्सला ८४ टक्के. त्याला इतिहास घेऊन म्युझियममध्ये काम करायचंय, 'ढाक्याच्या कुणा भट्टशालींबद्दल' वाचल्यापासून तर जास्तच. वडिलांनी नीटच्या रिपीटर बॅचचा पहिला हप्ता भरलाय, बी.ए.चा फॉर्म कपाटात कुलूपबंद केलाय आणि मला विचारतात, 'त्याला समजवाल का?'

नाही समजावणार. मला टक्क्यांची काळजी नाही, त्या कपाटाची आहे. साहेब, तुमच्या पत्रात 'आम्ही ठरवलं' चार वेळा आलंय, मुलाचं म्हणणं मात्र एका ओळीत उरकलंय. तो नीटला बसेलही मुकाट्याने. पण मनातलं तुम्हाला सांगणं बंद करेल.

तुम्ही लिहिता, 'म्युझियमवाला म्हणजे किल्ल्या सांभाळायच्या नि धूळ झटकायची.' मग ज्यांच्या नावावर तुम्ही वैतागलात, त्यांचंच बघा. नलिनीकांत भट्टशाली १९१४ मध्ये नव्याने निघालेल्या ढाका म्युझियमचे अभिरक्षक, म्हणजे क्युरेटर झाले, ते १९४७ मध्ये वारेपर्यंत. बंगालच्या सुलतानांची नाणी सराफांनी पारखताना छिन्नीचे घाव घालून ठेवलेली. त्या घावांतून हिजरी सन आणि टांकसाळीचं नाव वाचत बसायचं. एक आकडा चुकला तर एका सुलतानाची कारकीर्दच सरकते! अशा नाण्यांवरून त्यांनी दिल्लीपासून स्वतंत्र झालेल्या सुरुवातीच्या सुलतानांचा कालक्रम लावला, १९२२ मध्ये ग्रंथ आला. पंधराव्या शतकात बंगालची सत्ता हाती घेणारा राजा गणेश आणि नाण्यांवर नाव दिसणारा दनुजमर्दनदेव एकच, हा तर्क त्यांचाच. १९२९ मध्ये संग्रहातल्या बौद्ध आणि ब्राह्मणी, म्हणजे हिंदू देवदेवतांच्या, मूर्तींवर दुसरा ग्रंथ. धूळही झटकली असेलच की.

मार्ग सरळ आहे: बी.ए., मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व किंवा बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात म्युझियॉलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र. जागा मोजक्या, सरकारी भरती रखडणारी. हे मुलानेही ऐकावं. शिवाय जुनी लिपी किंवा फारसी शिकायची तयारी नसेल, तर भट्टशालींचं नुसतं कौतुक करून भागणार नाही.

फॉर्म आजच बाहेर काढा. मुलाला पंधरा दिवस रोज अजब बंगल्यात, म्हणजे तुमच्या नागपूरच्याच म्युझियममध्ये पाठवा. एकच वस्तू निवडून तिच्यावर दोन पानं लिहायची, मोबाइलवर न शोधता. कंटाळला तर त्याचं त्यालाच कळेल. तोवर क्लासचा दुसरा हप्ता भरू नका.