वाचकांचे प्रश्न : स्टॅग बीटलची ओळख केवळ शिंगांवरून पटत नाही

प्रश्न : आम्ही दक्षिण लंडनमध्ये राहतो. गेल्या वर्षी जून महिन्यात तिन्हीसांजेला आमच्या बागेत मोठ्या शिंगांचा स्टॅग बीटल उडताना दिसला होता. यंदा त्याच ठिकाणी, जुन्या ओंडक्यांच्या ढिगाखाली, २८ मिलिमीटर लांबीचा, पूर्ण काळा आणि शिंगे नसलेला भुंगेरा सापडला. ही त्याच जातीची मादी समजावी काय? तीन छायाचित्रे सोबत पाठवीत आहे. (एक वाचक, लंडन)

उत्तर : आपली तिन्ही छायाचित्रे मोठी करून पाहिली. हा भुंगेरा ल्युकेनस सर्व्हस या मोठ्या स्टॅग बीटलची मादी नसून, त्याच कुळातील लेसर (म्हणजे धाकटा) स्टॅग बीटल, म्हणजे डॉर्कस पॅरॅलेलिपिपेडस, आहे. आपला असा समज होणे स्वाभाविक आहे, कारण मोठ्या स्टॅग बीटलच्या मादीलाही शिंगे नसतात आणि दक्षिण इंग्लंडमध्ये या दोन्ही जाती एकाच बागेतील कुजक्या लाकडात वाढू शकतात. लांबीवरूनही निर्णय होत नाही. मोठ्या जातीची मादी साधारणपणे ३० ते ५० मिलिमीटर भरते, तर लेसर स्टॅग बीटल १८ ते ३२ मिलिमीटर. आपला २८ मिलिमीटरचा भुंगेरा नेमका या दोन्हींच्या सीमेवर येतो.

म्हणून प्रथम रंग पाहावा, पण तो उजेडात पाहावा. मोठ्या जातीचे डोके आणि छातीचे कवच काळे असते, मात्र पाठीवरचे कठीण पंख तांबूस तपकिरी आणि चकचकीत असतात. सावलीत हा तपकिरी रंग काळाच भासतो आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. आपल्या पहिल्या छायाचित्रात भुंगेऱ्यावर थेट ऊन पडले आहे, तरीही पाठ निस्तेज काळीच दिसते. दुसरी गोष्ट डोक्याच्या रुंदीची. मोठ्या जातीच्या मादीचे डोके छातीपेक्षा स्पष्टपणे अरुंद असते. लेसर स्टॅग बीटलचे डोके रुंद, जवळजवळ छातीच्या बरोबरीचे असते, त्यामुळे सगळा भुंगेरा दोन्ही बाजूंनी सरळ कापल्यासारखा चौकोनी वाटतो.

माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण पायांवर असते. मधल्या पायाची नडगी साध्या भिंगाखाली धरली, की मोठ्या जातीत तिच्या बाहेरच्या कडेवर बाभळीच्या काट्यांसारखे अनेक दात दिसतात. लेसर स्टॅग बीटलमध्ये त्याच कडेवर, मध्याच्या आसपास, एकच दात असतो. आपल्या तिसऱ्या छायाचित्रात हा एकुलता एक दात अगदी स्पष्ट आला आहे. याच छायाचित्रात डोक्यावर दोन बारीक उंचवटेही दिसतात. ते लेसर स्टॅग बीटलच्या मादीलाच असतात, तेव्हा आपल्याकडे आलेली मादीच होती, फक्त दुसऱ्या जातीची.

आता शिंगांविषयी. ज्यांना आपण शिंगे म्हणतो ते नराचे वाढलेले जबडे आहेत. लॅटिनमध्ये सर्व्हस म्हणजे हरिण आणि ग्रीकमध्ये डॉर्कस म्हणजे कुरंग, अशी दोन्ही नावे शिंगांच्या प्राण्यांवरूनच आली आहेत, आणि लोकही सर्वप्रथम हे जबडेच पाहतात. परंतु एकाच जातीच्या दोन नरांचे जबडे कमालीचे वेगळे असू शकतात. अळी असताना मिळालेले अन्न कमी पडले, तर त्या अळीपासून होणारा नर लहान राहतो, आणि त्याचे जबडे शरीराच्या मानानेही आखूड राहतात. ल्युकेनस सर्व्हसचा नर ३५ मिलिमीटरचाही असतो आणि ७५ मिलिमीटरचाही. पूर्वी या आखूड जबड्यांच्या नरांना कॅप्रिओलस असे वेगळे नावही दिले गेले होते. आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आढळणाऱ्या ओडोंटोलॅबिस बर्मायस्टेरी या पिवळसर पंखांच्या देखण्या भुंगेऱ्याच्या वंशात तर एकाच जातीत लांब, मध्यम आणि आखूड जबड्यांचे नर दिसतात. त्यांना शेजारी शेजारी ठेवले, तर ते सख्खे भाऊ आहेत यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. जबड्यांचा आकार मी म्हणूनच सर्वांत शेवटी पाहतो.

पुढच्या वेळी छायाचित्र काढताना भुंगेऱ्याशेजारी मोजपट्टी ठेवावी, एक चित्र वरून आणि एक बाजूने घ्यावे, आणि त्याला सापडल्या जागीच सोडावे. मोठ्या स्टॅग बीटलच्या विक्रीवर ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हेही ध्यानात असावे.

प्रश्न : आमच्या माडांच्या शेंड्यात शिंग असलेला मोठा काळा भुंगा सापडतो. शेजारी म्हणतात हा दुर्मिळ स्टॅग बीटल आहे, मारू नये. खरे काय? (एक बागायतदार, कुडाळ)

उत्तर : तो गेंड्या भुंगा आहे. त्याचे शिंग एकच असते, डोक्याच्या मधोमध उगवून मागे वळते, आणि ते हलत नाही. स्टॅग बीटलचे जबडे दोन असतात आणि चिमट्यासारखे उघडतात, मिटतात. शंका उरल्यास मिशा पाहाव्यात. स्टॅग बीटलची मिशी कोपरासारखी वाकलेली असते आणि तिच्या टोकाची पाने फणीच्या दातांसारखी सुटी राहतात. गेंड्या भुंगा आणि त्याचे भाऊबंद ही पाने एकमेकांवर घट्ट मिटवून त्यांची गाठ करू शकतात. माडाची नवी झावळी पंख्यासारखी कातरलेली निघत असेल, तर तो याच भुंग्याचा उपद्रव आहे. शेंड्यातील भुंगे तारेच्या आकड्याने काढावेत आणि शेणखताचा खड्डा उपसून अळ्या वेचाव्यात. यात कोणत्याही दुर्मिळ जिवाचा घात होत नाही.

प्रश्न : जंगलातील कुजक्या ओंडक्यात हुमणीसारखी पांढरी अळी मिळाली. ती स्टॅग बीटलची असू शकेल काय? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : असू शकेल. उसाच्या मुळाशी मातीत सापडली असती, तर आपण म्हणता तशी ती हुमणीच मानली असती. कुजक्या लाकडातील अळीच्या बाबतीत मात्र शेवटच्या टोकाकडे पाहावे लागते. स्टॅग बीटलच्या अळीच्या गुदद्वाराची चीर उभी असते. हुमणीत ती आडवी, बाकदार किंवा मध्ये कोन झालेली असते. शिवाय हुमणीच्या पाठीवर प्रत्येक वलयाला घड्या पडलेल्या दिसतात, तर स्टॅग बीटलच्या अळीची पाठ त्या मानाने सपाट, ताणलेल्या कातडीसारखी असते. ही दोन लक्षणे जुळली तरी त्यावरून कुळ कळते, जात नव्हे. त्यासाठी तिचा भुंगेरा होईपर्यंत थांबावे लागेल, आणि या कुळात ते काम अनेकदा वर्षांचे असते. ल्युकेनस सर्व्हसची अळी ३ ते ७ वर्षे लाकडात काढते. तेव्हा अळी घरी आणू नये. ओंडक्याचा निघालेला तुकडा होता तसा परत बसवावा, जागा टिपून ठेवावी आणि पहिल्या पावसानंतर संध्याकाळी तिथे एक फेरी मारावी.