इझमीरमध्ये घर बघताना आधी खिडकीखाली काय आहे ते बघ

नोकरीसाठी तुर्कस्तानात, इझमीरला येतेयस आणि विचारलंस, की ओळखी लवकर व्हाव्यात म्हणून अलसानजाक भागातल्या बारच्या गल्लीतच घर घेऊ का? अगं, अजिबात नको. मी नेमकं तेच केलं होतं. गाझी कादिनलार गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. मार्चमध्ये घर बघितलं तेव्हा खिडक्या बंद होत्या, सज्ज्याची जुनी घरं बघून मी हरखून गेले. जूनमध्ये उकाड्याने खिडक्या उघडाव्या लागल्या आणि खालच्या टेबलांवरचं बोलणं थेट उशाशी आलं. झोप नाही ती नाहीच. वर्षाच्या आत मी खाडीपलीकडे कार्शियाकाला गेले.

कार्शियाका म्हणजे शब्दशः 'समोरचा काठ'. तिथल्या लोकांना त्याचा केवढा अभिमान! इझमीरच्या गाड्यांचा नंबर ३५, तर हे स्वतःला 'साडेपस्तीस' म्हणवतात. तिथून बोटीने चहा संपेपर्यंत अलसानजाक येतं. तिथल्या बोस्तानली भागाच्या किनाऱ्यावरही बसायला भरपूर जागा आहेत, घरची मंडळी, म्हातारेकोतारे सगळे असतात. घर तिथे बघ. नोकरी बोर्नोव्हाकडे असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एगे विद्यापीठामुळे क्युच्युकपार्कभोवती विद्यार्थ्यांची स्वस्त ठिकाणं आहेत, पण तुझ्या वयाला तिथे करमेलसं मला वाटत नाही.

ओळखी व्हायच्या तर कोर्दोनवर होतील. हा अलसानजाकचा समुद्रकाठ. लोक हिरवळीवर बिअर आणि सूर्यफुलाच्या बिया घेऊन सूर्य बुडेपर्यंत बसतात. त्या बियांना बाकी तुर्कस्तानात 'चेकिर्देक' म्हणतात, इथे 'चिदेम'. हा एक शब्द बोललीस की समोरचा हसून सरकून जागा देतो. बिअर मात्र आधी घेऊन ठेव, कारण रात्री दहा ते सकाळी सहा दुकानांत दारू विकायला बंदी आहे. बार आणि हॉटेलांना ती लागू नाही.

खरी मजा मेयहानेत. आपला 'मयखाना' शब्द तोच, पण इथे दारूपेक्षा जेवण मोठं. वेटर मेझेंचं, म्हणजे छोट्या वाट्यांतल्या पदार्थांचं तबक घेऊन येतो, बोट दाखवून वाट्या निवडायच्या. तू शाकाहारी आहेस ना? मग एजियन किनारा तुझ्यासाठीच आहे: ऑलिव्ह तेलातले आर्टिचोक, समुद्रकाठची खारट भाजी देनिझ ब्यॉर्युल्जेसी, वाटलेल्या बाकल्याचा फावा, दही-लसणाची हैदारी. भाजी मांसाच्या रश्श्यात शिजलेली नाही ना, हे तेवढं विचार. 'झेयतिनयाली' म्हटलं की सहसा फक्त तेलावरची असते. राकी ही इथली कडक दारू, तिच्यात आधी पाणी घाल, बर्फ शेवटी. बडीशेपेसारख्या वासाच्या अॅनिसमुळे ती दुधासारखी पांढरी होते. दोघींना 'ओतुझबेशलिक', म्हणजे ३५ सेंटिलिटरची बाटली पुरून उरते. तासन्‌तास बसायचं असतं, घाईने पिणारा इथे नवखा ठरतो.

एका बाबतीत मी कडक बोलणार आहे. स्वस्त, सुटी, कुणाच्या ओळखीतून आलेली राकी पिऊ नकोस. दारूवरचा कर इथे प्रचंड आहे, म्हणून बनावट माल निघतो. ऑक्टोबर २०२० मध्ये याच शहरात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलेल्या दारूने माणसं दगावली. सीलबंद बाटली टेबलावर उघडायला सांग, कुणी वाईट वाटून घेत नाही.

परतीचं आधी ठरव. शेवटची बोट चुकली तर 'बायकुश' म्हणजे घुबड नावाच्या रात्रीच्या बस आहेत. मी एकटीने त्यांतून खूपदा आलेय, पण आतल्या अंधाऱ्या गल्ल्यांतून थांब्यापर्यंत चालत जात नाही, किब्रिस शेहितलेरीच्या गजबजलेल्या रस्त्यानेच जाते.

चेश्मे आणि आलाचाती या किनाऱ्यावरच्या सुट्टीच्या गावांची नावं ऐकली असशील. तिथली गर्दी उन्हाळ्यापुरती आणि भाव डोळे फिरवणारे. एखाद्या शनिवारी जाऊन ये, पण त्यासाठी तिकडे घर बघू नकोस.

आल्यावर कळव. पहिल्या संध्याकाळी कार्शियाकाच्या धक्क्यावर भेटू, तिथून बोटीने कोर्दोनला जाऊ.