दुसऱ्या फेरीचं पाकीट

या वेळेस टपालात निवडणुकीचेच प्रश्न जास्त आलेत. साहजिक आहे, आपल्या सोलापूर महापालिकेचं मतदान मधे चार वर्षं प्रशासक बसवून, एकूण नऊ वर्षांनी झालं, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडात तोच विषय. मी इलेक्शन ड्युट्या करून करून रिटायर झालेला मास्तर, म्हणून संपादकांनी अख्खा गठ्ठा माझ्याकडंच ढकलला. चार पत्रं निवडलीत.

जुळे सोलापूरहून एक ताई लिहितात : सर नमस्कार. माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत डेन्व्हरला असतोय, आता तिकडचाच नागरिक झालाय. २०२३ ला ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून चार-पाच महिने इथंच होता, कंपनीचं काम लॅपटॉपवर करायचा. तेव्हा त्याला तिकडच्या महापौराच्या निवडणुकीची मतपत्रिका आली, त्यानं मत दिलं. दोन महिन्यांनी परत एक आली, महापौराचीच! मी म्हटलं अरे एकदा दिलास की, परत कशाला, कोण फसवायलंय का तुला. तो म्हणे मावशी ही दुसरी फेरी. बरं दुसरी तर दुसरी, पण मधे दोन महिने कशाला लागतात ओ? आपल्याकडं आज मतदान, उद्या गुलाल.

ताई, फसवणूक नाही, भाच्याचं बरोबर आहे. तिकडं डेन्व्हरला महापौर थेट लोकांतून निवडतात आणि त्याला निम्म्याहून जास्त मतं पडावीच लागतात. नाही पडली तर पहिले दोघं ठेवायचे, बाकीचे घरी, आणि त्या दोघांत परत मतदान, त्याला ते रनऑफ म्हणतात. २०२३ ला महापौरपदासाठी सोळा जण शर्यतीत होते, सोळा! एवढ्या गर्दीत कुणाला पन्नास टक्के पडणार. पहिला आला माइक जॉन्स्टन, त्याला साधारण २४ टक्के, दुसऱ्या केली ब्रॉ, त्यांना २० च्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांनी या दोघांपैकी कुणालाच मत दिलं नव्हतं, त्यांना परत विचारायला नको का? विचारलं, आणि जॉन्स्टन निवडून आला.

आता तुमचा खरा प्रश्न, मधल्या दोन महिन्यांचा. सगळ्यांना वाटतं हे अंतर उमेदवारांना प्रचाराला दिलेलं असतं. मलाही तसंच वाटायचं. पण तसं नाही, हे अंतर पोस्टमनचं आहे. तुमच्या भाच्यासारखे जे देशाबाहेर असतात, किंवा सैन्यात दूर कुठं असतात, त्यांच्याकडं मतपत्रिका मतदानाच्या ४५ दिवस आधी रवाना झाली पाहिजे असा नियम. जायला वेळ, भरायला वेळ, परत यायला वेळ. आता जुना हिशोब बघा, पूर्वी डेन्व्हरची पहिली फेरी मेच्या पहिल्या मंगळवारी असायची आणि दुसरी जूनच्या पहिल्या मंगळवारी. २०१९ ला ७ मे आणि ४ जून, मधे बरोबर २८ दिवस. ४ जूनपासून ४५ दिवस मागं मोजत जा, २० एप्रिल येतं. म्हणजे पहिली फेरी व्हायच्या सतरा दिवस आधीच दुसऱ्या फेरीची मतपत्रिका पोस्टात पडायला पाहिजे होती, त्यावर नावं कुणाची छापायची ते कुणालाच ठाऊक नाही! बारशाच्या आधी पत्रिकेत नाव छापल्यासारखं झालं हे.

मग २०२१ च्या नोव्हेंबरात त्यांनी मतदारांनाच विचारलं की पहिली फेरी एक महिना अलीकडं, एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी घेऊ का, लोक हो म्हणाले. म्हणून २०२३ ला ४ एप्रिल आणि ६ जून असं झालं, मधे ६३ दिवस. त्यातले ४५ पोस्टाचे काढले की ऑफिसला उरले १८. आणि हे १८ म्हणजे काय आरामाचे नव्हेत. डेन्व्हर ज्या राज्यात आहे त्या कोलोरॅडोत सगळ्यांनाच मतपत्रिका घरपोच पोस्टानं येते, भरून सही करून पाठवायची, ती सही रेकॉर्डवरच्या सहीशी ताडून बघतात, नाही जुळली तर माणसाला कळवतात आणि दुरुस्तीला मतदानानंतर आठ दिवस देतात. परदेशातनं वेळेत पाठवलेलं पाकीटसुद्धा आठ दिवस उशिरा आलं तरी धरतात. म्हणजे पहिले आठ दिवस तर नुसते वाट बघण्यात गेले. मग पक्का निकाल, फारच घासून झालं तर परत मोजणी, मग नवीन मतपत्रिका तयार करणं, तपासणं, छापणं, पाकिटं भरणं. बँकेत सही जुळत नाही म्हणून चेक परत आलेला माणूस असेल त्याला या आठ दिवसांची किंमत बरोब्बर कळेल.

मला गंमत वाटली ती पुढच्या वेळेची. कॅलेंडर घेऊन बसलो, आत्ताच्या नियमानं २०२७ ला एप्रिलचा पहिला मंगळवार येतो ६ तारखेला आणि जूनचा येतो १ तारखेला. अंतर ५६ दिवस! ४५ वजा केले की ११ उरतात, त्यातले आठ सह्यांचे. उरले तीन. महिना अलीकडं ओढूनसुद्धा तीन दिवसांत मतपत्रिका तयार करायची म्हणजे धावपळच आहे, पहिला मंगळवार असं ठरवून ठेवलं की कॅलेंडर असा दगा देतं. पहिल्या फेरीपासून इतके आठवडे असं ठरवलं असतं तर बरं झालं असतं असं आपलं माझं मत.

भाच्याला सांगा, २०२७ ला इकडं यायचं असेल तर बाहेर राहणाऱ्या मतदाराचा अर्ज जानेवारीतच भरून ठेव, तो दर वर्षी नव्यानं भरायचा असतो, आणि मतपत्रिका ईमेलवर पाहिजे असा पर्याय निवड. नाहीतर पाकीट डेन्व्हरच्या घरी आणि हा इथं आमरस खात बसलेला.

विडी घरकुलमधून एक कॉलेजवाला विचारतो : काय सर, आपल्याकडं एका जागेवर आठ-आठ जण उभे राहतात आणि पंचवीस-तीस टक्क्यांत माणूस नगरसेवक होतो. बाकीच्या सत्तर टक्के लोकांना तो नको असतो की. आपल्याकडं पण दुसरी फेरी का नको?

बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंस लेका. आपला कायदा साधा आहे, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून आला, निम्मी पाहिजेत असं कुठंच नाही. दुसरी फेरी आणायची तर कायदाच बदलावा लागेल. पण समजा बदलला. आता वेळ कुठनं आणणार ते सांग.

आपल्या महापालिकेत २६ प्रभाग आणि १०२ जागा. एका प्रभागात अ ब क ड अशा चार जागा, दोन प्रभागांत तीनच. एकेका मतदाराला चार-चार बटणं दाबायची. यातल्या समजा निम्म्या जागांवर कुणालाच पन्नास टक्के मिळाले नाहीत, तर कुठल्या प्रभागात फक्त ब ची दुसरी फेरी, कुठं अ आणि ड ची, म्हणजे प्रत्येक ठिकाणी मशीन वेगळं लावायचं. या वेळी चिन्हं वाटली ३ जानेवारीला आणि मतदान १५ ला. बाराच दिवस! त्यात मतपत्र छापा, मशीनला लावा, सील करा, स्टाफचं ट्रेनिंग घ्या, साहित्य वाटपाची रांग लावा. ड्युटीवाल्यांनाच माहीत, त्या दिवशी मशीन, शाई, पाकिटं, फॉर्म सगळं मोजून घेता घेता दुपार होते, एक पाकीट कमी भरलं तरी रात्री जमा करताना रडायची वेळ येते. मी एकदा एका शिक्क्यापायी रात्री दोनपर्यंत बसलोय, शिक्का माझ्याच शर्टाच्या खिशात होता.

आणि सोलापूरचं आपलं वेगळंच. मतदान ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसात आलं, होम मैदानावर पाळणे फिरायलेत, नंदीध्वज निघालेत, पोलीस तिकडं पण आणि बूथवर पण. चार आठवड्यांनी दुसरी फेरी म्हटलं तर फेब्रुवारी, तेव्हा झेडपी-पंचायत समितीचं मतदान, त्याला लागून बारावी-दहावीच्या परीक्षा. वर्ग तेच, मास्तर तेच. आणि तेवढे सगळे दिवस आचारसंहिता लांबणार, मग आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजच्या कामाला आणखी एक कारण मिळणार.

अंतर लांबलं की अजून काय होतं ते आपण डिसेंबरात पाहिलंच की. नगरपरिषदांचं मतदान २ डिसेंबरला, काही ठिकाणचं पुढं ढकललं ते २० ला, आणि कोर्टानं सांगितलं सगळी मोजणी एकदमच २१ ला करा. त्यामुळे ज्यांनी २ तारखेला मत दिलं त्यांची मशीनं एकोणीस दिवस स्ट्राँगरूममधे. बाहेर पोलीस, त्यांच्याबाहेर उमेदवारांची पोरं चादरी अंथरून पहाऱ्याला, थंडी काय मी म्हणत होती. दोन फेऱ्यांच्या पद्धतीत पहिल्या फेरीचा निकाल लावल्याशिवाय दुसरी घेता येत नाही, त्यामुळे हा विशिष्ट घोळ नसता झाला, पण मधल्या दिवसांत पडलेले सहा जण कुणाच्या गाडीत बसतात आणि कशापायी बसतात याचा विचार तूच कर.

तरीपण तुझा मुद्दा मला पटतो. फक्त दुसरी फेरी पाहिजे म्हणणाऱ्यानं आधी तारखा काढून दाखवाव्यात.

अशोक चौकातून एक आजोबा, मिलमधे कामाला होते, लिहितात : फ्रान्समधे म्हणे आठवड्याच्या आत दुसरी फेरी उरकतात. मग अमेरिकेवाल्यांनाच काय धाड भरलीय?

आजोबा, खरं आहे. तिकडं नगरपालिकांची पहिली फेरी एका रविवारी आणि दुसरी पुढच्या रविवारी. २०२६ ला १५ आणि २२ मार्च. त्यांना कसं जमतं तर नगरपालिकेला पोस्टानं मत ही भानगडच नाही. स्वतः बूथवर जायचं, नाही जमत तर दुसऱ्याला लेखी अधिकार देऊन त्याच्या हातून मत टाकायचं. पाकीट नाही म्हणून पोस्टमन नाही, पोस्टमन नाही म्हणून ४५ दिवस नाहीत. आणि उमेदवारांच्या याद्या असतात, पहिल्या फेरीत निदान दहा टक्के मतं मिळालेल्या याद्या दुसरीत उतरू शकतात, एकमेकींत मिसळूपण शकतात, आणि हे सगळं मंगळवार संध्याकाळपर्यंत! दोन दिवसांत युती. आपल्याकडं नुसती जागावाटपाची बैठक दोन दिवस चालते.

पण २०२० ला त्यांचीही गंमत झाली. १५ मार्चला पहिली फेरी झाली आणि लगेच कोरोनानं सगळं बंद. दुसरी फेरी २२ मार्चची गेली ती थेट २८ जूनला. साडेतीन महिने.

होटगी रोडवरून एक शिक्षिका : सर, एकाच वेळी पहिली-दुसरी पसंती लिहून घेतली तर दुसऱ्या फेरीची गरजच काय? आपण पदवीधरला तेच करतो ना?

मॅडम, माझी पहिली पसंती तुमच्याच मुद्द्याला! अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोनं २००४ पासून हेच केलंय, रनऑफ बंद, एकाच मतपत्रिकेवर पसंतीक्रम. तिकडच्याच जॉर्जिया राज्याचं तर मला फार आवडलं. तिथं पूर्वी नऊ आठवड्यांचं अंतर असायचं, ३ नोव्हेंबर २०२० ची सिनेटची निवडणूक, तिचा रनऑफ ५ जानेवारी २०२१ ला. लोक कंटाळून गेले. मग कायदा करून ते अंतर २८ दिवसांवर आणलं. मग परदेशातल्या मतदारांचं काय, तर त्यांना पहिल्याच वेळी पसंतीक्रमाची मतपत्रिका पाठवायची. त्यांचा उमेदवार दुसऱ्या फेरीत नसला तर उरलेल्या दोघांपैकी ज्याला त्यांनी वरचा नंबर दिलाय त्याला मत. गावातले लोक परत बूथवर जातात, बाहेरच्यांचं मत आधीच येऊन पडलेलं असतं.

आपल्याकडं पुणे विभागाच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात सोलापूर येतंच, तिथं आकडे लिहायचे असतात, १, २, ३, ते पण केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननं. दुसरा पेन वापरला की मत बाद. आणि मतदार कोण, तर पदवीधर आणि शिक्षक. तरी मोजणीला बघा, कुणी बरोबरची खूण केलेली, कुणी दोघांपुढंही १ लिहिलेलं, एकानं म्हणे खाली सहीच ठोकलेली, कागद दिसेल तिथं सही करायची सवय मास्तरांना. पसंतीक्रम चांगलाच आहे, पण महापालिकेला आणायचा तर चार जागा गुणिले आठ उमेदवार, एवढे आकडे लिहायला शिकवायचं कुणी, परत आम्हीच ना. शिवाय मशीन सोडून कागदावर यावं लागेल, कारण आपल्या मशीनवर एका जागेला एकच बटण दाबता येतं.

जाता जाता, एका पोस्टकार्डावर एकच ओळ आलीय, नाव नाही : दोघांना सारखीच मतं पडली तर?

तर चिठ्ठी. कायद्यातच आहे. २०१७ ला मुंबईच्या २२० नंबरच्या प्रभागात शिवसेना आणि भाजपचे उमेदवार परत मोजूनही बरोबरीत राहिले, शेवटी चिठ्ठी काढली, भाजपचा निघाला. दुसऱ्या फेरीचं काम पाच मिनिटांत उरकलं.