वाचकांचे प्रश्न : मालमत्ता कायद्याचा अभ्यास

प्रश्न : मी पुण्यात विधी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षात शिकते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाची कलमे मला पाठ आहेत. परंतु काकांनी मुळशीतील जमिनीचे साठेखत (विक्रीचा करार) आणि सातबारा समोर ठेवून ‘आता ही जमीन आपली झाली का?’ असे विचारले, तेव्हा उत्तर देता आले नाही. हा अभ्यास कसा करावा? (एक विद्यार्थिनी, कोथरूड)

उत्तर : काकांच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पाठांतरातच आहे. कलम ५४ नुसार १०० रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि विक्रीच्या करारामुळे त्या मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, असे तेच कलम स्पष्ट सांगते. म्हणजे खरेदीखत होईपर्यंत काका मालक नाहीत. खरेदीखत करून मागण्याचा हक्क मात्र त्यांना आहे. त्यांनी जमिनीचा ताबा घेतला असेल, तर कलम ५३अ वाचावे. ताबा टिकवण्यासाठीचे या कलमाचे संरक्षण मिळण्यासाठी २००१ च्या दुरुस्तीनंतर असा करारही नोंदणीकृत असावा लागतो.

सातबारा हा महसुली अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण फेरफार (सातबाऱ्यातील नावाचा बदल) मंजूर झाल्याने मालकी जन्माला येत नाही. त्याचबरोबर शेतजमीन असल्याने १९४८ च्या कुळकायद्याचे कलम ६३ पाहणे भाग आहे, कारण बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देण्यावर ते निर्बंध घालते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात हे सापडणार नाही, आणि तेवढाच अधिनियम शिकवून विषय संपवणाऱ्या वर्गांविषयी माझी खरी तक्रार हीच आहे. ‘अ’ने ‘ब’ला घर विकले, अशा उदाहरणांवर संपूर्ण सत्र जाते आणि विद्यार्थ्याच्या हाती एकही खरेदीखत पडत नाही.

माझा आग्रह असा, की प्रत्येक प्रकरणाबरोबर एक खरा दस्त वाचावा. गहाणाचे प्रकरण घ्या. कलम ५८(क) मधील सशर्त विक्रीचे गहाण म्हणजे आपल्याकडची मुदतखरेदी. कर्ज घेणारा जमीन विकल्याचे लिहून देतो आणि ठरल्या मुदतीत पैसे फेडल्यास ती परत मिळेल, अशी अट घातली जाते. १९२९ च्या दुरुस्तीने ही अट विक्रीच्याच दस्तात असली पाहिजे असे ठरवले. ती वेगळ्या कागदावर असेल, तर व्यवहार गहाण मानला जात नाही आणि कलम ६० मधील विमोचनाचा, म्हणजे कर्ज फेडून गहाण मालमत्ता सोडवून घेण्याचा, हक्क उरत नाही. या एका अटीवर कुटुंबाची जमीन राहते किंवा जाते. पुणे जिल्ह्याला याची झळ फार जुनी आहे. १८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले आणि त्या उठावानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना कर्जाच्या कागदामागील व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्यास सांगितले. हे ठाऊक असणारा विद्यार्थी कलम ५८ परीक्षेनंतर विसरत नाही.

घरातील जुने खरेदीखत मिळाल्यास त्यातील चतुःसीमा, मोबदला, ताबा आणि बोजाविषयीची हमी ही कलमे एकेक करून अधिनियमाशी, विशेषतः विक्रेता आणि खरेदीदार यांचे हक्क व जबाबदाऱ्या सांगणाऱ्या कलम ५५ शी, ताडून पाहावीत.

प्रश्न : शाश्वततेविरुद्धचा नियम (मालमत्ता पुढील पिढ्यांसाठी अमर्याद काळ बांधून ठेवण्यास मनाई करणारा) आज कोणी वापरतो का? (एक विद्यार्थी, सदाशिव पेठ)

उत्तर : न्यायालयात तो क्वचित येतो, तरी तो वगळू नये. आजोबांना बंगला अजून न जन्मलेल्या पणतवंडापर्यंत बांधून ठेवता येईल का, याचे उत्तर कलम १३ आणि १४ एकत्र वाचल्याशिवाय देता येत नाही. आणि बक्षीसपत्र किंवा विश्वस्तपत्र लिहिताना वकिलाला नेमके हेच विचारले जाते.