पोटरी ताणल्याने दोन आठवडे धावणं बंद होतं. आता दुखत नाही, तर थेट १० किमी धावू का?

थेट १० किमी नको. आधी अर्धा तास भरभर चाला, दुखलं नाही तर एक दिवसाआड २० मिनिटं, १ मिनिट धावणं आणि २ मिनिटं चालणं असं सुरू करा. दोन आठवड्यांत दम फारसा जात नाही, पण ताणलेल्या स्नायूची ताकद तेवढ्यात पूर्ण परतेलच असं नाही, आणि फसगत इथेच होते. फिजिओ लावतात ती साधी कसोटी: एका पायावर उभं राहून टाच उचलणं दोन्ही पायांनी सारख्याच वेळा जमायला हवं. चढ आणि वेगाचा सराव अगदी शेवटी. मात्र पोटरी सुजलेली, लाल किंवा गरम लागत असेल तर धावणं सोडा, रक्ताची गुठळी नाही ना हे त्याच दिवशी डॉक्टरांकडून तपासून घ्या.