एकच जागा बदलली तर एवढं दुखणं काहून?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, गाव कुरखेडा तालुक्यात. प्रोटीनच्या रचनेच्या चार पातळ्या पाठ झाल्या पण डोक्यात बसल्या नाहीत. माझ्या लहान भावाला सिकलसेल (एसएस, म्हणजे आईबाबा दोघांकडूनही आलेला) आहे. सर म्हणाले हिमोग्लोबिनमधे (रक्तात ऑक्सिजन वाहणारं प्रोटीन) एकच अमायनो अ‍ॅसिड (प्रोटीनच्या साखळीतला एक घटक) बदलतं. मग एवढं दुखणं काहून? प्रोटीनची घडीच चुकते काय?

उत्तर : घडी चुकत नाही बाई, बरेच जण इथेच गडबडतात. अंबाडीचा दोर वळताना पाहिला असशील. वाखाला वाख जोडत जायचा तशी अमायनो अ‍ॅसिडची ओळ, कोणानंतर कोण ते ठरलेलं, ही पहिली पातळी. मग पीळ पडतो ती दुसरी, हिमोग्लोबिनमधे बहुतेक सगळा अल्फा हेलिक्सचाच पीळ, लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञानं १९५१ ला मांडला तो. पीळ भरला नि हात सैल सोडला की दोर स्वतःभोवतीच गुंडाळतो नं, तशी साखळी वळून गोळा होते ती तिसरी, फक्त इथे पाण्याला टाळणारे अमायनो अ‍ॅसिड आत दडायला बघतात म्हणून ती वळते. असे चार गोळे, दोन अल्फा दोन बीटा, एकत्र बसले की चौथी.

एका अल्फात १४१ अमायनो अ‍ॅसिड नि एका बीटात १४६, चारी मिळून ५७४. भावाच्या हिमोग्लोबिनमधे त्यातले दोनच वेगळे, दोन्ही बीटात सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिड जाऊन व्हॅलिन आलं (ग्लुटामिकच्या जागी व्हॅलिन हे व्हर्नन इन्ग्रॅम या शास्त्रज्ञानं १९५७ ला दाखवलं). पीळ तोच, गोळा जवळपास तोच, चौघं बसतातही नीट. पण ही जागा बाहेरच्या अंगाला आहे, आणि ग्लुटामिकला पाणी आवडतं, व्हॅलिनला नाही. हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की शेजारच्या हिमोग्लोबिनवर एक खाच उघडी पडते, व्हॅलिन त्यात जाऊन बसतं, त्याला पुढचं चिकटतं, त्याला आणखी पुढचं, अशा लांब काड्या तयार होतात नि पेशी आतून ताणली जाऊन इळ्यासारखी वाकडी होते. बारीक नसांमधे ती अडकते, तिथलं रक्त अडतं, ते हे दुखणं.

घडी खरंच मोडते ती अंडं उकडल्यावर, तिथे ओळ तशीच राहते नि घडी विस्कटते, भावाच्या बाबतीत बरोबर उलटं.

अंगातलं पाणी कमी झालं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं नि लवकर चिकटतं, म्हणून मे महिन्यात तेंदूपत्त्याला घरचे सगळे जंगलात जातात तेव्हा त्याला उन्हात नेऊ नका, घरी असला तरी पाणी पाजत राहा, आणि दुखण्यासोबत ताप आला किंवा धाप लागली तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या.