पुण्यातल्या कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये 'द रनिंग मॅन' (टीव्हीवरच्या जीवघेण्या स्पर्धेचा सिनेमा) दाखवायचाय, चर्चेसह अडीच तास आहेत. 1987 चा लावू की 2025 चा?

1987 चा. तो 101 मिनिटांचा आहे, चर्चेला पाऊण तास उरतो. एडगर राइटचा नवा सव्वादोन तासांच्या आसपास जातो, म्हणजे चर्चा बुडालीच.

पण खरं कारण वेगळं आहे. जुन्या सिनेमात भुकेल्या जमावावर गोळ्या झाडायला नायक नकार देतो आणि फुटेज कापून-जोडून त्यालाच खुनी ठरवलं जातं. पुढे त्याचा चेहरा दुसऱ्याच्या अंगावर चढवून खोटा मृत्यू प्रक्षेपित होतो. डीपफेकवरची चर्चा इथूनच सुरू करा. त्या टीव्ही स्पर्धेचा निवेदक झालेला रिचर्ड डॉसन तर अमेरिकेत खरोखरच 'फॅमिली फ्यूड' हा टीव्हीवरचा गेम शो चालवायचा. प्रेक्षकांशी त्याचं ते गोड बोलणं अंगावर काटा आणतं.

घोळ होतो तो मूळ कथेशी तुलना करताना. स्टीफन किंगच्या 1982 च्या कादंबरीत (रिचर्ड बाकमन या टोपणनावाने) जुन्या सिनेमातला बंदिस्त आखाडा नाहीच. स्पर्धकाने 30 दिवस लपत जगायचं, तासाला 100 डॉलर, रोज दोन व्हिडिओ टेप पोस्टाने पाठवायच्या. नवा सिनेमा याच्या जास्त जवळ आहे, त्यामुळे रूपांतर हाच विषय असेल तर तो निवडा.

प्रेक्षक विद्यार्थी, कॉलेजचे शिक्षक-कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी थेट संबंधित लोक एवढेच ठेवा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मधली सवलत तेवढ्यांपुरतीच आहे. फर्ग्युसन रस्त्यावर पोस्टर लावून बाहेरच्यांना बोलावलंत, तर हक्कधारकाचा परवाना लागेल.